पार्श्वभूमीचे पैसे वेगळे

शुक्रवारी दारं उघडली की पहिल्या दहा मिनिटांत
चांगल्या चित्रकारांच्या याद्या भरतात.
मला ठाऊक आहे. अठरा वर्षं सिनसिनाटीला येतोय,
डेटनहून, पहाटे थर्मास भरून,
काखेत जाड काळी वही.

टेबलाटेबलावर दरपत्रकं उभी:
नुसतं डोकं चाळीस डॉलर,
कमरेपर्यंत सत्तर, नखशिखांत एकशेवीस.
खाली बारीक अक्षरात,
पार्श्वभूमीचे पैसे वेगळे.

लोक मागतात उडणारे, मुठी आवळलेले.
मी मागतो मागचा माणूस.
इमारत कोसळते ना, तेव्हा चौकटीच्या कोपऱ्यात
डोक्याला पाय लावून पळणारा,
तोंडाचा वासलेला ओ,
हातात कधी ब्रीफकेस, कधी नुसतीच हवा.
तो.

"कुठला?" विचारतात.
"कुठलाही."
आधी हसतात. मग पेन्सिल जराशी थांबते.

डॅनिका ओझबोल्टनं त्याला टक्कल दिलं आणि लग्नाची अंगठी.
टोलेडोच्या जुळ्या भावांनी दोघांत मिळून एक काढला,
एकानं डावा पाय, एकानं उजवा,
म्हणून तो अजून दोन दिशांना पळतोय.
एका पोरीचं पहिलंच वर्ष होतं, टेबलावर आईनं विणलेलं कापड;
तिनं त्याच्या पिशवीतून संत्री सांडवली
आणि पैसे घ्यायला लाजली. बळंच दिले.
त्रेचाळीस पानं. त्रेचाळीस जण पळताहेत.
बायको (तेव्हा होती) म्हणायची,
वही मिटल्यावर तरी थांबत असतील का रे?

रविवारी दुपारी, पाय सुजून बुटांत मावेनात तेव्हा,
स्वच्छतागृहाशेजारी, रांग नसलेल्या टेबलाशी
लायल हॉर्नबेकर. वय एक्क्याऐंशी.
चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या पेन्सिलीवर शाई फिरवली.
नायक बड्यांकडे जायचे,
याच्या वाट्याला खिडक्या, विटा आणि गर्दी.
पहिल्या पानावरच्या नावांत हा कधी नसायचा.
दरपत्रक मुलीच्या अक्षरात. मुलगी हॉटडॉग आणायला गेलेली.

वही दिली. त्यानं एकेक पान उलटलं,
सहलीहून परतताना बसमध्ये
मास्तर पोरं मोजतात तसं.
"पळवलं खरं मी यांना," म्हणाला,
"पानामागे अकरा डॉलर.
कुठे पळायचं ते कुणी सांगितलं नाही."

हात थरथरत होता, कुंचला टेकेपर्यंत.
टेकल्यावरही थरथरतच होता,
पण आता ती कोटाची चुणी होती,
गालाखालची सावली.

त्यानं त्याला बसवलं.
पदपथाच्या कडेवर, एक पाय उघडा,
बूट उलटा धरून आतला खडा झटकताना.
मागे काही नाही. धूर नाही, इमारत नाही.
मी म्हणणार होतो, माझ्या वहीचा विषय पळणं आहे.
बोललो नाही.

पैसे विचारले तर दरपत्रक नाकाशी नेलं त्यानं.
"नखशिखांत धरू. एक बूट पायात नाही, तर एकशेपंधरा."
आणि तळच्या ओळीवर अंगठा ठेवून,
"मागचं कोरं सोडलंय. त्याचे नाहीत."

टिपकागद घातला, वही मिटली.
घाईच केली.

सोमवारी एका बँकेत लिफ्टच्या खड्ड्यात होतो.
वर कुणीतरी बटण दाबत राहिलेलं,
दाबत राहिलेलं,
मी खाली ग्रीसनं माखलेला, दातांत टॉर्च.
जेवणाच्या सुट्टीत हात धुऊन वही उघडली.
शाई आरपार गेली होती. तो खडा
पुढच्या कोऱ्या पानावर उतरला होता,
मिऱ्याएवढा.

पुढच्या वर्षी ते पान ज्याच्यापुढे ठेवीन
तो विचारेल, हा डाग पुसू का?
म्हणेन, राहू दे.
तुझ्या माणसाला जरा बघून पळायला लाव.