आपोआप वाजू नये

त्रिशला म्हणाली, मामा, नुसतं वाचतंय कोण आता,
तुझ्या वेबसाइटवर आवाज घाल.

माझी वेबसाइट म्हणजे हरिपुरातल्या पेवांची नोंदवही.
तोंड किती हात, पोट किती,
कुणाच्या रानात, किती पोती हळद मावायची,
कुठलं महापुरात बसलं, कुठल्यावर प्लॉट पडलेत.
नऊ वर्षं लिहितोय.
लिहिताना मी कुठेच अडत नाही.

बोलताना क अडतो.
आणि नाव ठेवलंय कुबेर.

सांगली स्टेशनच्या खिडकीवर
किर्लोस्करवाडी म्हणता यायचं नाही,
म्हणून ताकारीचं तिकीट काढायचो
आणि एक स्टेशन आधी उतरायचो.
सोळा वर्षं नोकरी केली तिथं.
एका अक्षरापायी रेल्वेला किती दिले
त्याचा हिशेब मांडला नाही.

वडील पेवात उतरत.
त्याआधी दोरीनं कंदील सोडत खाली.
विझला तर आतली हवा मेलेली,
मग काठावर बसून राहायचं.
तशाच एका दुपारी, वडील पाणी प्यायला गेले तेव्हा,
मी पेवाच्या तोंडाशी पालथा पडून आत बोललो:
कावळा. काकडी. कंदील. कुबेर.
सगळं सुटं, एका दमात.
खालून माझाच आवाज जरा मागाहून येत होता,
जाड, बाप्या माणसाचा,
हळदीच्या वासाचा.
हे शाळेत कुणाला तरी सांगावं असं फार वाटलं.
पण सांगायचं तर तोंडानंच.

आता शाबूत पेव एकच, बाळगोंडाच्या रानात.
तो म्हणाला, आत काय न्हाई, बेडकं असतील.
मी फोनला नायलॉनची दोरी बांधली,
दिवा लावून सोडला खाली, कंदिलासारखा.
अकरा मिनिटं.
वर काढून ऐकलं तर
दोरी घासल्याची खरखर, मातीचे चार कण,
लांब नदीवरची मोटार,
आणि मध्येच बाळगोंडा: आलं का काय?
मला आत बोलायचं होतं.
पण तो शेजारी उभा होता.

रात्री खोलीचं दार लावून बोललो:
मी कुबेर मगदूम, हरिपूर.
चार शब्द. एक्केचाळीस सेकंद.

त्रिशलानं ते संगणकावर घेतलं,
तांदळातले खडे वेचावेत तशा
मधल्या जागा वेचून टाकल्या.
तीन सेकंद उरले.
बघ मामा, कसं स्वच्छ झालंय.
ऐकलं. कुणी बातम्या देणारा माणूस
माझं नाव सांगत होता.
अगं, परत घाल सगळं, म्हणालो.
ती म्हणाली, लोकांना वाटेल नेट अडकलंय.
वाटू दे.
मग ती हसली, मीही हसलो,
आणि हसण्यात क कधीच अडत नाही
हे पन्नाशी उलटल्यावर ध्यानात आलं.

शेवटी तिनं विचारलं,
पान उघडल्याबरोबर वाजायला लागू दे ना?

पाचवीचा वर्ग. धड्याचं पान सत्तावीस.
ऊठ, मोठ्यानं वाच.
चाळीस माना वळलेल्या, आणि ओळीच्या सुरुवातीलाच क.

नको, म्हणालो. आपोआप वाजू नये.
न विचारता कुणाला बोलतं करू नये,
यंत्रालासुद्धा.
एक बटण ठेव. ज्याला ऐकायचंय तो दाबेल.
आणि खाली लिही:
सुरुवातीला काही ऐकू येणार नाही,
फोन बिघडलेला नाही, मी येतोय.

आत्तापर्यंत चौघांनी दाबलंय.
त्यातला एक मी.
एक बाळगोंडा. काल बांधावर भेटला,
माझ्या एक्केचाळीस सेकंदांबद्दल चकार शब्द नाही.
म्हणाला, पेवाचं झ्याक आलंय,
पण मर्दा,
माझा आवाज असला हाय व्हय?