गावाकडे पाठ

बावीस वर्षं किनवटात मीटर वाचतोय.
कुणाच्या दारामागे कुत्रं, कुणाच्या पेटीत पालीची अंडी,
कोण आकडा टाकून वर चहाही पाजतो,
सगळं ठाऊक.
फक्त ही टेकडी राहिली होती.
तिच्यावर कनेक्शन नाही.

फेब्रुवारीतला रविवार. सागाची पानं
पापडासारखी मोडत होती पायाखाली,
इतका आवाज, की मी आणि माझा विचार
एकमेकांना ऐकू येईनात.
थांबलो, की सगळंच थांबायचं.
मग दूर कुठे एकच पान
फांदी-फांदीला विचारत
सावकाश खाली.

धावड्याच्या बुंध्याला टेकलो.
गुडघ्यांनी बावीस वर्षांचे जिने मोजून दाखवले.

वर मचाण. मचाणावर लच्छू किनाके,
वनखात्याचा हंगामी, जाळावर नजर ठेवायला.
शेजारी वही, पाण्याचा कॅन, गळ्यात शिट्टी.
"या," म्हणाला, मी रोजच येत असल्यासारखा.

मी लगेच गावाकडे तोंड केलं.
पैनगंगा, अर्धी पाणी, अर्धी वाळू.
आदिलाबादकडे वळलेला रूळ.
पत्रे, पत्रे, मशिदीचा मिनार, पाण्याची टाकी.
बायकोला सांगून आलो होतो,
गच्चीवर लाल सोलापुरी चादर टाक,
वरून घर ओळखू येईल.
मोजल्या. अकरा लाल चादरी.
ज्या गावात डोळे झाकून मीटर सापडतो
तिथे डोळे फाडून घर सापडेना.

"कुठलं तुमचं?" लच्छूनं विचारलं,
गावाकडे न बघताच.
तो सगळा वेळ पलीकडे बघत होता,
जिथे मला नुसतं तपकिरी दिसत होतं,
डोंगरामागे डोंगर, बिनदाराचे.
"तिथं मोहाखालचा पाला जाळलाय कुणीतरी. विझलाय आता.
ते धूर नव्हं, धुरळा. शेळ्या चालल्यात.
अन् ते पांढरं, कडईचं खोड,
पानं गेली की हाडासारखं दिसतंय."
मला काही दिसेना. तो वाचत राहिला
एकेक उतार, घाई न करता,
आणि त्याला बिल कुणाला द्यायचं नव्हतं.

"गाव नाही बघत कधी?"
"गावाला लई जण हायेत बघायला."

त्याच्या भाकरीतली अर्धी खाल्ली. जवसाची चटणी.
ऊन गेलं. निघायला हवं होतं,
निघालो नाही.

पावणेसातला स्टेशन रोडचा फीडर गेला.
ते मात्र मी ओळखलं.
अर्धं गाव विझलं, आणि विझलेल्या अर्ध्यात
कुणीतरी गच्चीवर टॉर्च
गोल गोल फिरवायला लागलं.
लच्छूनं मान वळवली, दिवसभरात पहिल्यांदा.
शिट्टी ओठांपर्यंत नेली.
"जाळ नाही," मी म्हणालो, "ती आमची अनुसया."

"नक्की?"
"नक्की. चिडलीय."

त्यानं शिट्टी सोडली, वही उघडली.
मोबाइलच्या उजेडात मी डोकावलो,
सवयच ती, दुसऱ्याचा आकडा वाचायची:
६.४८. गावाकडे उजेड.
जाळ नाही.