कोणी बोलत नसताना

वडशाच्या दुकानदाराने डब्यावर थाप मारली,
हजार वॅट, ताई. वरात निघाली
की पलीकडच्या गावची कुत्री उठतात.
मी विचारलं, काहीच वाजत नसताना
हा किती वाजतो?
तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

माझी खोली धानाची. तीन भिंतींना पोती,
चौथीवर वाकळ, आणि स्टुलांवर दोन स्पीकर,
आठ ओहमचे, साठ वॅटचे, नागपूरहून जुने घेतलेले,
एकाच्या जाळीला पोचा.
इथे मी मुखरूकाकांचा आवाज धरते :
आज रात्री ठीक साडेनऊ वाजता, भव्य शामियान्यात...
दिवाळी ते होळी, जीपवरच्या भोंग्यातून
चार तालुके नाटकाला बोलावणारा आवाज.
भोंगा सगळं माफ करतो.
स्पीकर करत नाही, पण त्याला खरं बोलायला
मागे कोणीतरी न बोलणारं लागतं.

शालिक मेश्राम, रेडिओ दुरुस्ती, ब्रह्मपुरी,
चष्मा कपाळावर :
आकड्यावर नोको जाऊ वो. उचलून पाय.
जड असन तर इमानदार असन.
आन् आपली लाईन कशी,
रात्री मोटारी सुरू झाल्या का एकशेसत्तर,
बंद झाल्या का दोनशे साठ.
साठाच्या स्पीकरले शंभराचा घे.
वरचे चाळीस वाजवाचे नसतेत, ठेवाचे असतेत.

अकरा किलो. एसटीत मांडीवर घेऊन आले.
कंडक्टर म्हणाला, पोरगं असतं तर अर्धं तिकीट,
याचं लगेज.

रात्री वायर सोलली. लाल लालला, काळी काळीला.
बटण दाबून कान जाळीला टेकवला.
गुरगुर.
अंगणात सळई ठोकली, मीठ, कोळसा, बादलीभर पाणी.
परत कान.
काही नाही.
इतकं काही नाही की पोत्यातले सोंडे ऐकू आले.

मग काकांची जुनी फाईल लावली.
आज रात्री ठीक
आणि साडेनऊच्या आधी एक श्वास,
त्या श्वासाच्या तळाशी बारीक शीळ,
दाराच्या फटीतून वारा यावा तशी.
तीन हंगाम मी ती कापली नव्हती,
ऐकलीच नव्हती.

सकाळी फोन केला. काका, रेकॉर्डिंग मागून करू,
आधी गडचिरोलीला जाऊ, डॉक्टरकडे.
काहून? आवाज खराब आला का?
नाही जी.
फारच चांगला आला.