बिघडलेली घोडी

बाळगोंडा खोतानं दावं हातात दिलं
आणि एवढंच म्हणाला, "हिला कन्नड कळतंय हं.
निल्लु म्हटल्याशिवाय थांबायची नाही."

सात वर्षं शर्यतीची गाडी ओढली कवडीनं
सदलग्याच्या रस्त्यावर.
मागं मोटरसायकलींची झुंड, हॉर्न, शिट्ट्या,
आणि कायदा एकच: दुडकी मोडायची नाही.
चौखूर उधळली की गाडी बाद,
घरी आल्यावर चाबूक.

पहिल्या दिवशी खोगीर ठेवलं तर नुसती उभी.
भ्याली नव्हती.
दोन्ही कुशींना दांड्या लागायची वाट बघत होती,
भिंती नसलेल्या घरात
कुणी दार शोधत थांबावं तशी.

मी वर बसले. तिनं मान वळवून मागं पाहिलं,
जिथं माणूस असायचा तिथं.
झापडं काढलेली, त्यामुळं पार दिसत होतं:
कुंपण, उसाचा ट्रॅक्टर, एक कोंबडी.
माणूस नव्हता.

दस्तगीर नालबंद रासप घासता घासता म्हणाला,
"टाचा कशाला मारतीयास, ताई?
ती भाषा तिला शिकवलीय कुणी?"

मग मी शब्द जोडत गेले.
नडी, चल. निल्लु, थांब.
आमच्याकडच्या दुकानाच्या पाटीसारखे,
वर एक, खाली एक.
आणि प्रत्येक शब्दाबरोबर पोटरीचा हलका दाब.
दिवाळीपर्यंत दोन्ही शब्द गिळले,
नुसती पोटरी उरली.
वळायला लागली. उजवीकडं जरा उशिरा.

पण दुडकी काही मोडेना.
दूधगंगेच्या मळीत, तंबाखू निघालेल्या रानात,
बांधापलीकडून कुणा पोरानं हॉर्न दाबला
आणि ती सुटली; तीच चाल, ताठ, वेगानं वेगानं,
माझे दात एकमेकांवर आपटत होते.
मी लगाम सैल सोडला, पुढं वाकले.
मोड, म्हटलं. मोड गं.
याला कन्नडात काय म्हणतात मला येत नव्हतं.

दोनच उड्या घेतल्या.
मग आपली आपणच थिजली,
कान मागं चिकटवून, कातडी थरथरत,
चाबकाची वाट बघत.

मी उतरले. खिशातला गूळ घामानं विरघळलेला,
तळहात तसाच पुढं केला.
बराच वेळ तिनं तो चाटलाच नाही.

काल सात उड्या मोजल्या.
आठवीला थबकली, पण कान उभे होते.

आज खोत रस्त्यानं जाताना गाडी थांबवून
बघत राहिला. म्हणाला,
"बिघडवलीस की गं घोडी."

हौदु, म्हटलं मी.