चौथं पुष्प

फळ्यावर मीच लिहिलं, खडू ओला करून:
विद्यापीठ पदार्थविज्ञान विभाग, अतिथी व्याख्यानमाला, पुष्प चौथं.
खरं पुष्प ऐरोली नाक्यावरून आणलं,
एकच जरबेरा, प्लास्टिकसकट चाळीस रुपये.
पावती जोडली आहे.

पाहुण्या केंकरे बाई.
प्रोजेक्टर नुसता निळा पडून राहिला
तेव्हा म्हणाल्या, असू दे मढवी, खडू आहे ना.
नाव कुणी सांगितलं त्यांना?

पंधरा किलोमीटर वर म्युऑन जन्मतो.
सेकंदाचे दहा लाख तुकडे करा,
त्यातले दोन म्हणजे त्याचं आयुष्य.
वाटेतच मरायला हवा.
पोचतो.
त्याचं घड्याळ आपल्याला हळू दिसतं म्हणून.
आत्ता, तुमच्या तळहातातून, सेकंदाला साधारण एक.

बासष्ट मुलं. हजेरीचा कागद माझ्या हातात,
म्हणून कुणी उठलं नाही.
शेवटच्या बाकावरून ऋजुता भोपी:
इलेक्ट्रॉन होताच की मॅडम,
मग हा त्याचा जाडा भाऊ कशाला?

बाईंनी चष्मा काढला. पुसला.
ठाऊक नाही, म्हणाल्या.
मला नाही, अजून कुणालाच नाही.

सतरा वर्षं या हॉलची किल्ली माझ्याकडे.
इथं हे वाक्य
कुणी बोललं नव्हतं.

अकरा समोसे उरले. जरबेरा टेबलावरच राहिला.
खिडक्या लावताना खाडीच्या बाजूला
हात बाहेर धरून उभा राहिलो, तळवा वर,
एक, एक, एक,
काही लागेना हाताला.

खालून वॉचमन ओरडला,
काय मढवी, फेब्रुवारीत पाऊस?
म्हटलं, हो.
बारीक आहे.