अर्धी गोळी

दसरा चौकात, औषधांच्या काउंटरवर
मी ब्लेडनं गोळी मधोमध कापते.
शिदबा बघत असतो, चामडं कापणाऱ्याची नजर.
"जरा डावीकडं गेलीस, पोरी."
खरंच गेलेली असते.

सुभाषनगरात चाळीस वर्षं चपला शिवल्या त्यानं.
आता उजवा अंगठा बोटावर
नसलेले पैसे मोजत बसतो.
आरी टाक्याजवळ येते
आणि चुकवून पुढं जाते.

"अमिनो अल्कोहोल," मी बोलून गेले एकदा, जुनी सवय.
शिदबानं कान पकडले : "दारू हाय व्हय ह्यात?"
न्हाई मामा. नुसती नावाची भावकी.
एका कार्बनवर ऑक्सिजन, त्याला चिकटलेला हायड्रोजन,
तिथनं दोन पावलांवर नायट्रोजन,
पाच जणांचे हात धरून कडं करून बसलेला.

नसेच्या टोकाला एक जागा असते.
निरोप येतो, बसतो, स्नायू आवळतो.
ही गोळी काय करते,
गडहिंग्लजची गाडी स्टँडला लागताच
खिडकीतनं रुमाल टाकते.
निरोप आत येतो, रुमाल बघतो,
दांड्याला धरून उभा राहतो.
मारामारी नाही.
चार-सहा तास जागा धरलेली, बस्स.
पोटात मुरडा उठला तर हिचीच भावंडं धावतात.

मी बनवायला निघाले होते हे, विद्यापीठाच्या लॅबमध्ये.
मॅग्नेशियमचे काप, कोरडं ईथर,
पाण्याचा थेंब गेला की सगळं मेलं.
राजाराम बंधारा पाण्याखाली गेला त्या आठवड्यात
हवाच इतकी ओली, तीनदा मेलं.
शेजारच्या टेबलावर इराण्णाचं जमलं.
माझी चौथी वेळ आलीच नाही :
फी, बाबांचं ऑपरेशन, हे काउंटर.

आज शिदबा महिन्यानं आला.
हात दाखवला. थरथरत होता, पण आळसानं.
"टाका बसतोय," म्हणाला. "खरं थुंकी गेली की गं.
वादी तोंडात धरायची, भिजवायची, मग ओवायची,
बापानं तसंच शिकवलेलं.
आता जीभच चामड्यावानी."

मला ईथरची बाटली आठवली.

"वाटीत पाणी ठेवा शेजारी."
"ठेवलंय. सून म्हणती, म्हाताऱ्यानं मांजर पाळलंय."

मग त्यानं ब्लेड मागितलं. मी दिलं.
किती वेळ लावला.
मागं रांगेत कुणीतरी खाकरलं.
दोन तुकडे, अगदी सारखे नाहीत.
मोठा त्यानं कागदात बांधला,
उद्यासाठी.