अडीच विटा

भायलीच्या पुढे, कालव्याच्या अंगाला
सी टॉवरचा नववा मजला चढतोय.
त्याच्या तळघरात, पार्किंगच्या आखलेल्या चौकोनांत
आमचं पाळणाघर. इथले लोक घोडियाघर म्हणतात.
घोडा नाही त्यात, घरही नाही तसं:
बी-चौदा ते बी-एकोणीस, सहा गाड्यांची जागा,
साड्यांच्या चार झोळ्या, सतरंजी, पाण्याचं पिंप
आणि सळईला टांगलेला वजनकाटा.
रविवारी सॅम्पल फ्लॅट बघायला माणसं येतात,
तेव्हा झोळ्या सोडून ठेवाव्या लागतात.

मुलं एकतीस. स्लॅबच्या दिवशी चाळीस,
कारण त्या दिवशी मिक्सर थांबत नाही
आणि आया पाजायला खाली उतरत नाहीत.
छतातून थरथर येते.
निजलेली पोरं झोपेतच मुठी आवळतात.

दितियो नऊ वर्षांचा. भावाला कडेवर घेऊनच अक्षरं काढतो,
फुटक्या टाइलवर, चुन्याच्या खड्याने.
एबीसीडी त्याला डीपर्यंत पाठ आहे.
ई टॉवरची मंजुरी अजून यायचीय.

झितरी आली देवदिवाळीनंतर, गरबाड्याकडून.
जन्मतारीख विचारली. हुमली, तिची आई, म्हणाली,
मका कापत होतो तेव्हा.
कुठल्या सालचा मका?
ती नुसतीच हसली, आणि मी 'अंदाजे दोन वर्षे' लिहिलं.
पत्त्याच्या रकान्यापाशी माझं पेन दरवेळी अडतं.
तो कोराच सोडला.

दंडाची पट्टी लालवर थांबली.
काट्यात बसवणार, तेवढ्यात हुमलीने लेक मागून घेतली,
दोन्ही तळव्यांवर तोलली, जरा वर, जरा खाली,
आणि म्हणाली, अडीच ईंट.
काटा म्हणाला, सात किलो चारशे.

संध्याकाळी सगळे गेल्यावर
मी ढिगातली एक वीट आणून टांगली.
तीन किलोला किंचित कमी.
माझा काटा दरवर्षी तपासून घ्यावा लागतो.
डोक्यावर सोळा विटा, दिवसाला साठ खेपा,
तो काटा कोण तपासणार, आणि कशाला?

मग सुखडी, उकडलेलं अंडं, शेंगदाण्याचं कूट,
बुधवारी नर्सबाई, राहिलेली इंजेक्शनं,
एकदा जुलाब, दोन रात्री दवाखाना,
हुमलीचे दोन रोज बुडाले
आणि मुकादमाने ते मला ऐकवले, तिला नाही.
नाताळात 'अडीचला जरा वर'.
संक्रांतीला माझ्या तिळाच्या वडीसाठी झितरी
पहिल्यांदा कोणाशी तरी भांडली.
मी मनातून इतकी खूश झाले की रागवायचं राहिलं.

होळीच्या आधी काट्यात बसवली तर पायांनी सळई गाठायला बघत होती.
हुमली घमेलं घेऊन उभी, हातही न लावता म्हणाली,
तण.
आठ किलो नऊशे.
पट्टी पिवळ्यावर, हिरव्याच्या अगदी कडेला.

होळीला सगळे गावी जातात.
परत येतात, पण इथेच येतात असं नाही.
कार्ड मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिलं होतं,
ओचा सोडून तिने आत बांधून घेतलं.
पोळीचा डबाही दिला होता. त्याचं झाकण माझ्याकडेच राहिलं.

वैशाखात दुपारी एक फोन आला, अनोळखी नंबर.
मागे कटरची किंचाळी.
सुरत, हुमली ओरडून म्हणाली. मग, घोडियाघर नथी.
मग दुसरं कुणीतरी ओरडलं, आणि कापता कापता
ती घाईत एवढंच बोलली:
हाडा तण.

साडेतीन. मी जुनं पान काढलं,
तिच्या नावापुढे पेन्सिलने लिहिलं, साडेतीन,
गुणाकार करून पाहिला, सव्वादहा येतात जवळजवळ.
हिरवा. पुष्कळ झालं.

पण रात्री भांडी घासताना आठवलं,
तिकडे आता मातीच्या विटा फारशा नसतात म्हणे,
राखेच्या असतात.
त्या हलक्या असतात का जड,
मी कधी उचललेली नाही.